कारागिरांच्या नावाने गेलेलं पत्र

४ नोव्हेंबर, मंगळवार

बटण्याला पत्र गेलं! मी चष्मा शोधेपर्यंत सूनबाईनं संगणकावर टकटक करून पाठवलंसुद्धा. मला वाचता येत नाही हे खरं, पण पत्र जाताना बघायला काय हरकत आहे? निरोप देताना आपण दारात उभे राहतोच की.

वहीचा आणि पत्राचा नियम एकच. मी बोलेन तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. मागे एकदा सूनबाईनं खाली आपल्या मनानं 'आपली नम्र' घातलं होतं. मी कधी नम्र होते? तेव्हापासून तंबी आहे. (हेही लिही. हसू नकोस, अक्षर हलतं.)

पत्रात एवढंच सांगितलं — 'बटण्या, दुकान बंद करून लेकीकडे निघालास असं कळलं. इतक्या लांब गेल्यावर पुन्हा कुठली भेट! मशीनचं झालं ते चुकलंच. सतरा वर्षं पुरे झाली. जायच्या आधी घरी येऊन जा. जेवायलाच ये. दार उघडं आहे.'

छान झालं. पाल्हाळ नाही, रडारड नाही.

५ नोव्हेंबर

उत्तर नाही. सूनबाई म्हणते, "आई, एक दिवस तर जाऊ द्या!" तिला काय, तिचा भाऊ रोज फोन करतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अजून नाही. तोवर वहीला सगळं नीट सांगून ठेवते, नाहीतर उद्या म्हणशील, कोण हा बटण्या.

माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना कोटाचं बटण गिळलं. दोन दिवस सगळं घर त्याच्या मागे मागे. पुढे शिंपीच झाला. आता एकोणसत्तर वर्षांचा आहे, तरी मी बटण्याच म्हणते, आमचे कारागीरही बटण्याच म्हणायचे. म्हणायचे — सतरा वर्षांपूर्वी.

कारागीर म्हणजे आमचे हे. शिलाई मशीन दुरुस्त करणारे. पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना, अजून दोन-चार मशीन येतात. नाव मी घेत नाही, 'अहो' म्हणायचा आता कंटाळा येतो, म्हणून कारागीर. ऐकू गेलं की त्यांना आवडतं, पण दाखवत नाहीत.

तर आमच्या आईची मशीन बटण्याकडे होती. लोखंडी स्टँड, खाली पायडल, त्यावर आईच्या पावलांनी रंग झिजून दोन जागा चकचकीत झालेल्या. आम्ही दोघं त्याच मशीनखाली बसून वाढलो. मी चिंध्यांच्या बाहुल्या करायची, बटण्या सुया वेचायचा. बटण्याचे पाय दुखायला लागले तेव्हा कारागिरांच्या मनात आलं, मेव्हण्याला चकित करावं. बटण्या आठ दिवस गावाला गेला होता. ह्यांनी मशीन उचलून आणली, मोटर बसवली, नव्या लाकडी टेबलावर चढवली, तेलपाणी केलं. मशीन अशी चालायला लागली की बघत राहावं! आणि ते जुनं पायडल आणि स्टँड दिलं भंगारवाल्याला.

विचारलं का कुणाला? मला नाही, त्याला नाही. चांगलं करणाऱ्या माणसाला विचारायची सवय नसते.

बटण्या आला. मशीनकडे बघितलंच नाही. खाली बघितलं. म्हणाला, "आईचे पाय कुठेत?"

कारागिरांनी त्या वेळी गप्प बसायचं होतं. पण म्हणाले, "गंजलेलं लोखंड होतं रे, त्याला काय धरून बसतोस!" झालं. त्या दिवसापासून बटण्या ह्या घरात आला नाही. मी त्याच्याकडे जायची, कारागीर मला कोपऱ्यापर्यंत सोडायचे आणि तिथेच उभे राहायचे. आता माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत. त्याला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पत्रं. त्याला न्यायला आलेली माझी भाची ती मोठ्या अक्षरांत छापून त्याच्या हातात देते.

आणि महिनाअखेरीस तो भाचीबरोबर जाणार. दोन विमानं बदलून जायचं असतं म्हणे तिकडे. मी चौऱ्याहत्तर, तो एकोणसत्तर. हिशेब मला येतो, त्याला अक्षरं लागत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं!! आणि आता काय करू?

सूनबाई दवाखान्यातून आली (ती तिथे रुग्णांच्या फायली सांभाळते), कारागीर फिरायला गेले होते, म्हणून आम्ही दोघी कारखान्यात संगणकासमोर बसलो. ती वाचायला लागली — "'दाजी...'" आणि थांबली.

मी म्हटलं, "दाजी कुठले? मी ताई."

"आई, पत्र बाबांना आहे."

मग तिनं वाचलं. मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय, लिही. 'दाजी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. चुकलं असं तुम्ही म्हणाल असं मला ह्या जन्मी वाटलं नव्हतं. मीही हट्टीपणा केला. पाय दुखत होते माझेच, त्यासाठीच केलंत तुम्ही. गुरुवारी वीस तारखेला दुपारी येतो. ताईला मात्र सांगू नका, तिची गंमत करू.'

माझी गंमत! ती तर झालीच.

काय झालं ते सूनबाईला कळायला वेळ लागला नाही, माझ्या डोक्यात शिरायला लागला. पत्र लिहायला घेतलं की वर एक ओळ असते, कुणाकडून म्हणून. तिथे दोन नावं आहेत. एक माझं — मागच्या महिन्यात सूनबाईनंच काढून दिलेलं. दुसरं कारागिरांचं, दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी मुलानं केव्हाच करून ठेवलेलं. संगणक आपण होऊन कारागिरांचंच नाव घालतो. सूनबाईनं ओळ बघितली नाही. मी बघितली, पण मला दोन्हीतली ती गोगलगायीसारखी गोल खूण तेवढी ओळखू येते, दोघांच्याही नावात एकेक आहे. आणि खाली नाव नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. मी सांगेन तेवढंच लिहायचं ना!

म्हणजे भावानं सतरा वर्षांनी ज्या माणसाला माफ केलं, त्या माणसाला पत्ताच नाही.

सूनबाई रडकुंडीला आली. म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांची नावं मी चुकवत नाही हो आई, आणि घरात..." मी म्हटलं, गप. तुझी अर्धी, माझी अर्धी. अर्धी-अर्धी चूक खांद्याला जड होत नाही.

९ नोव्हेंबर

कारागीर जेवताना म्हणाले, "दोघी सकाळपासून काय खुसपुसताय?"
मी म्हटलं, "तुमच्या तक्रारी."
"मग दिवस पुरायचा नाही," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा भाजी घेतली. एरवी घेत नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं — पहिल्यांदा ते नाव त्या ओळीतून काढायचं. पुन्हा माझ्या तोंडचं बोलणं ह्यांच्या नावावर जायला नको. पुढचं पुढे.

सांगायला सोपं! एक तर संगणक कारागिरांच्या त्या टेबलावर. टेबल कसलं, पेटीच. स्वतः केलंय, चारी बाजूंनी फळ्या ठोकून. पाय आत घालायला जागा नाही, बसलं की गुडघा आपटतो. एवढं जड की सूनबाईनं मागे हलवायला घेतलं तर तिच्या कमरेत उसण भरली. "हलकं टेबल आणू या बाबा," म्हणाली होती ती. तर केवढ्यानं ओरडले, "ह्याला हात लावायचा नाही!" मुलावरसुद्धा कधी तसे ओरडले नाहीत.

ते दुधाला गेले तेवढ्यात आम्ही बसलो. सूनबाईनं नाव खोडलं. मी म्हटलं, झालं? तिनं नवं कोरं पत्र उघडलं. वर कोण? कारागीर! पुन्हा खोडलं. पुन्हा कारागीर! सतरा वर्षं ह्या माणसाला भावाच्या दारापर्यंत न्यायला धडपडले तर कोपऱ्यावर थांबला, आणि आता जा म्हणते तर जात नाही.

फाटक वाजलं. बंद केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज आत खोल, सेटिंगमध्ये गेलो. तिथे पत्ता काढून टाका असं बटण आहे, पण ते फिकट पडलेलं, दाबलं तरी दाबलं जात नाही. सूनबाईनं दवाखान्यातल्या संगणकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, तो मुख्य पत्ता आहे. मुख्य काढता येत नाही. आधी दुसऱ्याला मुख्य करा, मग पहिला निघेल."

मी एवढी हसले की ठसका लागला. त्या यंत्राला आमचं घर कुणी सांगितलं?

सूनबाई म्हणाली, "करू का तुम्हाला मुख्य?"
मी म्हटलं, "कर बाई. पन्नास वर्षं वाट बघतेय."

केलं. माझ्या नावापुढे बारीकशी खूण आली. आणि तिकडे ते फिकट बटण ठळक झालं. तिनं दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की काढायचं? ती माझ्याकडे बघायला लागली.

खरं सांगू वही? तेवढ्यात माझा हात पुढे झाला होता — थांब म्हणायला. नुसतं नाव आहे, हे मला कळतं. पण पन्नास वर्षांत ह्या माणसाला कुठूनच काढलं नव्हतं. तापात नाही, भांडणात नाही.

"काढ," म्हटलं. गेलं. ओळीत आता मी एकटीच. रिकामं रिकामं वाटलं जरा.

बटण्याचं ते पत्र आधीच छापून घेतलं होतं. उशीखाली ठेवलंय. वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीत 'ताई' आहे ते सूनबाईनं बोट ठेवून दाखवलंय. तिथे हात फिरवते.

मग मीच विचारलं, "आता त्यांच्या नावावर आलेलं पत्र कुठे जाईल?" म्हणाली, "इथे दिसणार नाही. बाकी पत्ता तसाच आहे, कुठेतरी येत राहतील." कुठेतरी म्हणजे कुठे, ते तिला सांगता आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ह्यांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं. नाहीतर पुढच्या गुरुवारी बटण्या येणार, दारातच मिठी मारणार, आणि हे विचारणार, 'कसलं पत्र?' तसं झालं तर सतरा वर्षांपेक्षा वाईट. मग पुन्हा जुळायचं नाही ते.

चहा घेऊन कारखान्यात गेले. हे टेबलाशी बसून कुणाच्या तरी मशीनचा शटल काढत होते. म्हटलं, "ऐकलंत का, बटण्या लेकीकडे चाललाय. कायमचा."

"जाणाऱ्याला कोण अडवतं," म्हणाले. हातातला स्क्रू पडला. शोधायला टेबलापाशी खाली बसले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी म्हटलं, "सापडला का?"
खालूनच म्हणाले, "कधीचाच. चहा ठेव."

एवढे कोरडे! मी आले निघून. मोठा हलकटपणा वाटला त्यांचा. (लिही गं. हलकटपणाच. तुझे सासरे असतील.)

१३ नोव्हेंबर

गुडघे. बाकी काही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर विचार केला नाही, छान झोपले. पण सकाळी उठले ती ठरवूनच उठले.

ह्यांना सांगून उपयोग नाही, तर बटण्याला सांगायचं. तो येणार नाही मग. न येवो. पण खोटं पत्र पुढे करून भावाला घरात आणायचं आणि तो आपल्या नवऱ्याच्या गळ्यात पडून रडत असताना आपण चकित झाल्याचं तोंड करायचं — हे मला जमायचं नाही. मी पुष्कळ गोष्टी लपवल्यात आयुष्यात. साखर लपवलीय, आजारपण लपवलंय, सूनबाईनं फोडलेली बरणी लपवलीय. पण हे नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, आठवडाभर गप्प बसलो तर येऊन जातील हो. एकदा भेट झाली की मग सांगा."
म्हटलं, "आणि मग तो विमानात बसून काय आठवणार? मी फसवलं ते."

सांगितलं — 'बटण्या, मी ताई. ते पत्र माझं होतं, तुझ्या दाजींचं नाही. संगणकानं त्यांचं नाव लावलं, मी मुद्दाम केलं नाही. त्यांना ह्यातलं काही माहीत नाही. तुझं पत्र मी ऐकलं, त्याचीही माफी. आता येशील न येशील तुझ्या मनावर. आलास तर माझ्यासाठी ये. तुझी ताई.'

ह्या वेळी नाव घालायला मीच सांगितलं. आणि पाठवायच्या आधी वरच्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. "कोण आहे?" "तुम्हीच आहात आई." "दुसरं कुणी?" "कुणी नाही."

मग पाठव म्हटलं. चष्मा लावून बघितलं जाताना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर नाही.

कारागीर केस कापून आले. दुपारी कपाटातून एक शर्ट काढून माझ्यापुढे टाकला. "पोटावर ताणतोय. बटणं जरा सरकवून देतेस?" बारीक निळ्या रेघांचा. सतरा वर्षं घडी मोडली नव्हती. कुणी शिवलेला आहे ते मी बोलले नाही.

बटणं सरकवायला दोरा ओवता येईना. शेवटी तूच ओवून दिलास.

संध्याकाळी सूनबाईला विचारत होते, "फोनवर अक्षरं मोठी कशी करायची?" तिनं करून दिली. त्या फोनवर गाणी ऐकण्यापलीकडे काय करतात कोण जाणे. मुलानं घेऊन दिलाय, त्यात काय काय घालून दिलंय ते त्यालाच ठाऊक.

१६ नोव्हेंबर, रविवार

नाही.

सूनबाई दर तासाला जाऊन बघून येते. येताना नुसती मान हलवते. मी म्हटलं, आता जाऊ नकोस, तो टेबलाचा कोपरा झिजेल. तरी गेली. सून चांगली मिळाली. (हे लिहायचं. खोडलंस तर बघ. मला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.)

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. आज मीच तिच्याबरोबर जाऊन बसले. कारागीर बाहेर बाकावर तेलाची कुपी पुसत होते. आता दुसऱ्यांदा पुसली, तिसऱ्यांदाही तीच. मशीन एकही आलेली नाही आठवडाभर. तेल कशाला लागतंय ह्यांना?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आलं. माझ्या नावावर. सूनबाईनं वाचलं, आता तेच लिहितेय.

'ताई, पहिलं पत्र तुझं, हे समजलं. वाईट वाटलं नाही. पण मग दाजींचं दुसरं पत्र कुणाचं? ते दहा तारखेला त्यांच्या फोनवरून आलं. त्यात लिहिलंय, पायडल आणि स्टँड दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून परत आणलं, पण सांगायला तोंड नव्हतं, म्हणून त्यावर फळ्या ठोकून टेबल केलं. एवढी वर्षं रोज त्यालाच टेकून बसतो म्हणतात. गुरुवारी फळ्या काढून, तेल घालून ठेवतो म्हणालेत. आणि शेवटी लिहिलंय, हिला सांगू नकोस. मी गुरुवारी येतोच आहे.'

आज पुरे सूनबाई. वही मिट. मला त्या टेबलाशी ने — आणि चपला काढ माझ्या.